वाऱ्याची वीज घ्यायची तर बिल किती वाढेल?

युनिटमागे ६६ पैसे जादा धरले, तर महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराला १९८ रुपये. सोसायटीचा लिफ्ट-पंपाचा मीटर वाऱ्या-उन्हाच्या विजेवर न्यायचा, तर चाळीस घरांच्या इमारतीत दर घरामागे पंचवीसेक रुपये. आणि गच्चीवर स्वतःची छोटी पवनचक्की बसवायची, तर लाखाच्या वर खर्च, जो उपनगरात बहुधा कधीच वसूल होणार नाही. हे तीन हिशेब कसे केले, ते सविस्तर सांगतो. कारण 'हरित वीज' हा शब्द आता सोसायटीच्या सभांपर्यंत पोचला आहे आणि तिथे उत्साहही असतो, संशयही असतो, पण आकडे क्वचितच असतात.

आधी बिलावरचं नाव वाचा

मुंबईच्या उपनगरांत सगळ्यांची वीज कंपनी एक नाही. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतचा पश्चिम पट्टा आणि पूर्वेला घाटकोपर, विक्रोळी, चेंबूरचा मोठा भाग अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. २०१८ पर्यंत हेच जाळं रिलायन्सचं होतं. याच भागात टाटा पॉवरलाही समांतर परवाना आहे, त्यामुळे अंधेरीत एकाच मजल्यावर दोन शेजाऱ्यांची बिलं दोन कंपन्यांची असू शकतात. मुलुंड आणि भांडुप मात्र महावितरणच्या क्षेत्रात येतात. पुढे जे सांगणार आहे त्यातला अर्ज, दरपत्रक आणि तक्रारीची जागा हे सारं या एका नावावर अवलंबून आहे.

६६ पैशांचा हिशेब

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये एक आदेश दिला. राज्यातल्या कोणत्याही ग्राहकाला, मग तो घरगुती असो, दुकानदार असो की कारखानदार, 'माझी सगळी वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्या' असं आपल्या कंपनीला सांगता येईल. त्यासाठी नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा द्यायचे, असं तेव्हा ठरलं. आधी ही सोय सरसकट कोणाला नव्हती. दरपत्रक आयोगाच्या नव्या आदेशांनुसार बदलत असतं, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला हरित दर कंपनीच्या दरपत्रकात पाहा आणि पुढचा गुणाकार त्या आकड्याने करा.

गुणाकार सोपा आहे. २०० युनिटांना १३२ रुपये, ३०० ला १९८, उन्हाळ्यात एसी लावून ५०० वर गेलात तर ३३०. वर्षभर सरासरी ३०० धरले तर २,३७६ रुपये. राज्यात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क असतं. ते या जादा रकमेवरही लागतं का, हे अर्ज करतानाच विचारून घ्या. पहिल्या बिलात अनपेक्षित रक्कम दिसली की माणसाचा उत्साह तिथेच मावळतो.

यासाठी मीटर बदलावा लागत नाही, नवी तार टाकावी लागत नाही, घरात कोणी कारागीर येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक केंद्रात ग्राहक क्रमांक देऊन पर्याय निवडायचा असतो. अदानीसाठी १९१२२, टाटा पॉवरसाठी १९१२३ आणि महावितरणसाठी १९१२ या क्रमांकांवर चौकशी होते. योजनेतून बाहेर कसं पडायचं, तेही त्याच फोनवर विचारा.

हेही समजून घ्या की तुमच्या पंख्यापर्यंत येणारी वीज साताऱ्याच्या पठारावरची की तारापूरची की ट्रॉम्बेची, हे कोणी वेगळं काढू शकत नाही. जाळ्यात गेली की सगळी वीज एक. तुम्ही पैसे देता ते हिशेबासाठी: तुम्ही जितके युनिट वापरले, तितके कंपनीने अपारंपरिक स्रोतांतून विकत घेतले पाहिजेत. देशाच्या वीज जाळ्यात एक युनिट तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ३०० युनिटांच्या घरामागे महिन्याला २१० किलो. या हिशेबाने तुमच्या १९८ रुपयांचं मोल ठरवा.

मग वाऱ्याची वीज महाग आहे का?

नाही. आणि ग्राहकाने नेमका इथेच थोडा कडक प्रश्न विचारायला हवा.

अदानी इलेक्ट्रिसिटीने मुंबईसाठी राजस्थानातल्या जैसलमेर इथल्या ७०० मेगावॅटच्या संकरित प्रकल्पाशी पंचवीस वर्षांचा करार केला, दर युनिटमागे ३ रुपये २४ पैसे. त्या प्रकल्पात ६०० मेगावॅटची सौर आणि ५१० मेगावॅटची पवन यंत्रणा आहे. २०२३ मध्ये तो सुरू झाला. १२ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या दिवशी, सकाळी दहापासून चार तास आपल्या ग्राहकांची सारी गरज अपारंपरिक विजेतून भागवल्याचं कंपनीने जाहीर केलं. टाटा पॉवरच्या पवनचक्क्या अहिल्यानगर जिल्ह्यात सुपा आणि खंडके, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल, सातारा जिल्ह्यात सडावाघापूर आणि अगासवाडी इथे कित्येक वर्षं फिरत आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पवनविजेला युनिटमागे पाच रुपयांच्या वर दर मिळत असे. २०१७ मध्ये देशात लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात तो ३ रुपये ४६ पैशांवर आला.

वीज निर्मितीच्या ठिकाणी इतकी स्वस्त असेल, तर आपण जादा ६६ पैसे का द्यायचे? याचं एक खरं उत्तर वाऱ्याच्या स्वभावात आहे. महाराष्ट्रात वर्षातली बहुतांश पवनवीज मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तयार होते. ऑक्टोबरमध्ये वारा पडतो आणि नेमके तेव्हाच घाटकोपर-मुलुंडचे एसी पुन्हा सुरू होतात. ती तूट भरायला दुसरी वीज तयार ठेवावी लागते आणि तिचे पैसे लागतात. दुसरा खर्च तारांचा, पण तो या ६६ पैशांत येत नाही. मुंबई बेट असल्यामुळे बाहेरून वीज आणायला जागाच कमी. १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेलं तेव्हा ही उणीव सगळ्यांनी अनुभवली. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी वाहिनी सुरू झाली, कुडूस–आरे वाहिनीचं काम हाती घेतलं गेलं. या वाहिन्यांचे पैसे पारेषण खर्च म्हणून सगळ्यांच्याच बिलात वाटले जातात, तुम्ही हरित पर्याय घेतलेला असो वा नसो.

पण यापलीकडचा एक मुद्दा आहे. केंद्राच्या नियमांनुसार प्रत्येक वितरण कंपनीला ठरावीक वाटा अपारंपरिक विजेचा घ्यावाच लागतो. २०२४-२५ साठी तो सुमारे ३० टक्के होता, २०२९-३० पर्यंत ४३ टक्क्यांच्या वर जायचा आहे. म्हणून अर्ज करण्याआधी कंपनीला लेखी विचारा: माझ्या जादा पैशांतून घेतलेले युनिट तुम्ही या सक्तीच्या वाट्यातच मोजता, की त्याच्यावर वेगळे घेता? वेगळे घेत असतील तर तुमच्या ६६ पैशांनी खरोखर एक जादा पवनचक्की फिरते. सक्तीतच मोजत असतील तर तुम्ही कंपनीला कायद्याने करायचंच असलेलं काम आपल्या खिशातून सोपं करून देता. या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळाल्याशिवाय घराच्या मीटरवर हा पर्याय घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हरित वीज घेतल्याबद्दल कंपनी देते त्या प्रमाणपत्राचा कागद या उत्तराची जागा घेऊ शकत नाही.

सोसायटीचा मीटर: इथून सुरुवात करा

चाळीस घरांच्या सात मजली इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, जिने आणि आवाराचे दिवे मिळून महिन्याला १,५०० युनिट जातात असं धरू. ६६ पैशांनी ९९० रुपये. घरामागे २४ रुपये ७५ पैसे. हे बहुतेकांना झेपतं, आणि एका ठरावात चाळीस कुटुंबं सामील होतात. एकट्या घराच्या अर्जापेक्षा मला ही वाट जास्त पटते.

तरीही ठराव मांडण्याआधी गच्ची पाहा. याच १,५०० युनिटांसाठी गच्चीवर साधारण १२ किलोवॅटचे सौर पॅनेल पुरतात. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, तो दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. १२ किलोवॅट म्हणजे १,२०० चौरस फूट आणि वर्षाला साडेसतरा हजार युनिट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे २ लाख १६ हजार. एकट्या घराला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० मिळतात. पॅनेलखालून माणूस ताठ चालू शकेल असा उंच सांगाडा उभारायचा तर खर्च वाढतो, पण मुंबईत तोच बरा. पाण्याच्या टाक्या आणि वॉटरप्रूफिंगची कामं दर काही वर्षांनी निघतातच.

गच्ची मोकळी, ऊन भरपूर आणि सभासद पैसे घालायला तयार असतील तर ऊन गच्चीवरून घ्या. गच्ची शेजारच्या टॉवरच्या सावलीत असेल, इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, किंवा गच्चीवर मोबाइलचे मनोरे असतील, तर हरित दराचा ठराव करा. कांदिवली-बोरिवलीत पुनर्विकासाच्या रांगेतल्या इमारतींना मी हेच सांगेन. पॅनेल उतरवावे लागतील, पण बिलावरच्या पर्यायात उतरवण्यासारखं काही नसतं.

ज्यांची करार मागणी १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त आहे, म्हणजे मोठी संकुलं, रुग्णालयं, मरोळ-एमआयडीसीतले कारखाने, त्यांना २०२२ च्या केंद्रीय नियमांनी तिसरी वाट उघडली: पवन प्रकल्पाशी थेट करार करून जाळ्यातून वीज आणायची. इथे नुसता विजेचा दर पाहून सही करू नका. वहन आकार, पारेषण आकार, क्रॉस सबसिडी अधिभार, वाटेतली गळती या सगळ्यांची बेरीज करून आपल्या आताच्या दराशी तुलना करा आणि तो कागद एखाद्या जाणत्या ऊर्जा सल्लागाराकडून तपासून घ्या.

गच्चीवर पवनचक्की नको

समाजमाध्यमांवर गच्चीवरच्या गोल-गोल फिरणाऱ्या छोट्या पवनचक्क्यांच्या जाहिराती येतात. 'समुद्राजवळ राहता, वारा फुकट आहे' असं त्यात म्हटलेलं असतं. वाऱ्याचं गणित मात्र निर्दय आहे. वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते.

दोन मीटर व्यासाची पवनचक्की घ्या. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा असेल तर छोट्या यंत्रातून सुमारे १०० वॉट निघतील. ३ मीटरला तेच यंत्र १३ वॉट देईल, म्हणजे एक एलईडी दिवा. इमारतींच्या गर्दीत हिवाळ्यात वारा याहूनही मंद असतो. वर्षभरातले चढउतार धरून सरासरी ३ मीटर वेगाच्या जागी असं यंत्र वर्षाला दोनशे-सव्वादोनशे युनिट देईल. युनिटला दहा रुपये धरले तरी २,२०० रुपयांची बचत. यंत्र, खांब, इन्व्हर्टर, बॅटरी आणि बसवणी मिळून दीड लाख लागले असं समजा: पैसे फिटायला ६८ वर्षं, आणि खाऱ्या हवेत यंत्र त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकंही टिकणं अवघड.

पवनचक्की शंभर मीटरच्या परिघातल्या प्रत्येक अडथळ्यापेक्षा नऊ-दहा मीटर तरी उंच हवी. शेजारी बावीस मजली टॉवर असलेल्या चार मजली सोसायटीत हे होणार कसं? वर कंप स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, पावसाळी वादळात पातं निखळण्याची भीती असते, अंधेरी-विलेपार्ले-घाटकोपरच्या पट्ट्यात विमानतळामुळे उंचीवर निर्बंध आहेत. सूर्य घर योजनेचं अनुदानही फक्त सौर पॅनेलला आहे. विक्रेता आग्रह धरत असेल तर त्याच्याकडे दोन गोष्टी मागा: तुमच्याच गच्चीवर वर्षभर मोजलेला वाऱ्याचा वेग, आणि उपनगरात आधी बसवलेल्या यंत्राच्या मीटरचं बारा महिन्यांचं वाचन. 'किलोवॅट' या शब्दावर सौदा करू नका, 'वर्षाला किती युनिट' हे लेखी घ्या.

वारा जिथून येतो, तिथल्या लोकांचं काय?

आपण उपनगरात बसून जादा पैसे देतो, तेव्हा पवनचक्क्यांची पाती कोणाच्या डोंगरावर फिरतात हे माहीत असायला हवं. भारतातल्या पहिल्या काही पवन प्रकल्पांपैकी एक १९८६ मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर उभा राहिला. पुढे पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, ठोसेघरच्या पुढचं चाळकेवाडी, धुळ्याचा साक्री भाग, सांगलीचं ढालगाव असं करत आज राज्यात ५,००० मेगावॅटच्या वर पवनचक्क्या आहेत.

घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या कित्येक कुटुंबांचं मूळ गाव सातारा-सांगलीत आहे. पठारावरच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा अजून चुलत्यांच्या नावे असतो आणि पवनचक्कीसाठी ती भाडेपट्ट्याने मागणाऱ्या निरोपाला मुंबईहून होकार दिला जातो. असा निरोप आला तर घाई करू नका. सातबारा, ८अ आणि फेरफार स्वतः काढून सगळ्या वारसांची नावं तपासा. भाडेपट्टा एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागतेच, नोटरीचा कागद पुरत नाही. यंत्राच्या पायापुरती जमीन, रस्त्याची आणि तारेच्या मनोऱ्याची जमीन वेगवेगळी लिहून घ्या. भाडं दर काही वर्षांनी किती वाढेल, आणि पंचवीस वर्षांनी यंत्र काढल्यावर जमिनीतलं काँक्रीट कोण उचलेल, हेही करारात हवं. ग्रामपंचायतीला कर किती मिळणार हा प्रश्न ग्रामसभेत विचारा.

या धंद्यात पैसा मोठा आहे आणि त्याची किंमत गावांनी मोजली आहे. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीशी तपास यंत्रणेने हा गुन्हा जोडला असून प्रकरण न्यायालयात आहे. स्वच्छ विजेचे पैसे देणाऱ्या माणसाने याकडे पाठ फिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

निसर्गावरचा परिणामही मोजलेला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले आणि त्यामुळे पठारावरच्या सरड्यांची दाटी वाढली. कोळशाच्या राखेपेक्षा हे नुकसान कमी आहे, हे मला मान्य आहे. पण ते शून्य नाही, म्हणून नव्या पवनचक्क्या उघड्या सड्यांवर पसरण्यापेक्षा जुन्या जागीच मोठी यंत्रं बसवणं बरं.

'जुनी पवनचक्की विकणे आहे'

उपनगरातल्या छोट्या उद्योजकांना अशा ऑफर येतात. एकेकाळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळे, म्हणून कर वाचवायला शहरातल्या अनेकांनी साताऱ्यात यंत्रं घेतली. एप्रिल २०१७ पासून ही सवलत ४० टक्क्यांवर आली. आयोगाच्या २००३ च्या आदेशाखालचे करार तेरा वर्षांचे होते, पहिल्या वर्षी ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैसे वाढ. ते करार संपले आहेत. वनकुसवड्याची अनेक जुनी यंत्रं अवघ्या ३५० किलोवॅटची, तर आजची ३,००० च्या घरातली. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेलं जुनं उत्पन्न पुढे मिळेल असं धरू नका. आताचा वीज खरेदी करार, जमिनीचा हक्क, देखभालीचा वार्षिक खर्च आणि गेल्या तीन वर्षांची युनिटं हे चार कागद हातात नसतील, तर इसार देऊ नका.

बिलात चूक झाली तर

हरित दर दोनदा लागला, अर्ज करूनही लागला नाही, किंवा बंद करूनही चालू राहिला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. या पायऱ्यांना वकील लागत नाही, बिलांच्या प्रती आणि अर्जाची पोच लागते.

सोसायटीच्या पुढच्या सभेत दोन विषय एकत्र घ्या: सामायिक मीटरचा हरित पर्याय, आणि 'सक्तीच्या वाट्यात की त्यावर?' हा प्रश्न विचारणारं कंपनीला पत्र. घरामागे पंचवीस रुपये देणारी चाळीस कुटुंबं मिळून हे विचारतील, तर उत्तर द्यावंच लागेल.